नाळेतला रक्तप्रवाह एमआरआयवर: शिरेचा आकडा आणि धमन्यांची बेरीज जुळत नाही

गर्भचित्र (प्रश्न)

नमस्कार मंडळी. १.५ टेस्ला मशीनवर ३२ ते ३४ आठवड्यांच्या गरोदर स्त्रियांमध्ये नाळेतला रक्तप्रवाह फेज कॉन्ट्रास्टने (सिग्नलच्या फेजवरून रक्ताचा वेग काढणारी एमआरआयची पद्धत) मोजायचा प्रकल्प आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे, काँट्रास्ट अर्थातच नाही.

नाळेत एक शीर आणि दोन धमन्या. शिरेतून बाळाकडे जितकं रक्त येतं तितकंच धमन्यांतून वारेकडे परत जायला हवं. म्हणून गर्भजलात तरंगणाऱ्या मोकळ्या नाळेवर आडवी स्लाइस घेऊन तिन्ही वाहिन्या एकाच चित्रात पकडतो. तसं केलं की पडताळा आपोआप मिळेल असा विचार होता. पण मिळतं ते असं: शीर २७० मिलि/मिनिट, दोन्ही धमन्या मिळून ३९०. बाळाचं अंदाजे वजन २ किलो.

सेटिंग: पिक्सेल १.४ × १.४ मिमी, स्लाइस ६ मिमी, टीआर (दोन पल्समधलं अंतर) ७ मिलिसेकंद, फ्लिप अँगल २०, एका सेगमेंटमध्ये (दर ठोक्याला भरायच्या गटात) ४ ओळी, व्हेन्क (मोजता येणारा सर्वाधिक वेग) १५० सेंमी/सेकंद (धमनीत अलायसिंग, म्हणजे मर्यादेबाहेरचा वेग उलटा दिसणं, नको म्हणून), गेटिंग (ठोक्याशी स्कॅन जुळवणं) आईच्या बोटावरच्या पल्स सेन्सरवर, आई मोकळा श्वास घेतेय. फ्लो फँटमवर (वाहत्या द्रवाच्या चाचणी-नमुन्यावर) १० मिमीच्या नळीत आकडे ५ टक्क्यांच्या आत येतात. मग नाळेतच फरक एवढा का? व्हेन्क, गेटिंग की जागा, आधी कशाला हात घालू?

फेजवाला

आधी दोनपैकी खोटा आकडा कोणता ते ठरवा. टोरोंटोच्या सिककिड्स रुग्णालयातल्या सीड आणि मॅकगोवन यांच्या गटाने २०१४ मध्ये शेवटच्या तिमाहीतल्या निरोगी बाळांचे एमआरआयवर मोजलेले संदर्भ-आकडे प्रसिद्ध केले. त्यात नाभिशिरेचा सरासरी प्रवाह किलोमागे १३४ मिलि/मिनिट आहे आणि दोन्ही जवनिकांनी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांनी) मिळून बाहेर टाकलेलं रक्त ४६५. तुमची शीर किलोमागे १३५ येते, अगदी मधोमध. धमन्या १९५. म्हणजे बाळाच्या हृदयातून निघालेल्या रक्तापैकी ४२ टक्के वारेकडे चाललंय, संदर्भात ते २९ टक्के आहे. तेव्हा शिरेवर तूर्त विश्वास ठेवा, संशय धमन्यांवर घ्या.

आता पिक्सेल मोजा. या आठवड्यांत नाळेतली धमनी साधारण ४ मिमी व्यासाची. क्षेत्रफळ १२.६ चौरस मिमी. तुमचा पिक्सेल १.९६ चौरस मिमी. म्हणजे अख्ख्या धमनीत साडेसहा पिक्सेल, आणि त्यातले बहुतेक काठावरचे. शीर ७.५ मिमी धरली तर तिच्यात साडेबावीस पिक्सेल बसतात. वाहिनीच्या छेदात निदान १६ पिक्सेल असावेत हा जुना दंडक आहे. शीर त्यात बसते, धमनी बसत नाही. तुमच्या १० मिमीच्या नळीत ४० पिक्सेल होते, म्हणून फँटम पास झालं. फँटम करायचंच तर ४ मिमीची नळी घ्या.

आणि चूक वरच्याच दिशेने का जाते? ग्रेडियंट एकोमध्ये (फेज कॉन्ट्रास्ट याच प्रकारचा स्कॅन आहे) नवं रक्त स्लाइसमध्ये शिरतं ते उजळ दिसतं. भोवतालची व्हार्टन जेली (नाळेतला मऊ गर) आणि गर्भजल सॅच्युरेट होऊन काळवंडलेलं असतं. काठावरच्या पिक्सेलमध्ये अर्धं रक्त, अर्धी जेली असली तरी सिग्नल मुख्यतः रक्ताचा, म्हणून फेजही रक्ताचीच दिसते. त्या पिक्सेलचं पूर्ण क्षेत्रफळ तुम्ही हिशेबात धरता, रक्त मात्र त्यात अर्धंच होतं. त्यात आरओआय (वाहिनीभोवतीची मोजणीची सीमा) काढताना हात अर्धा पिक्सेल बाहेर गेला तर ४ मिमीची धमनी ५.४ मिमी होते, क्षेत्रफळ १.८ पट. शिरेत हीच चूक १.४ पट. काठावर वेग कमी असल्याने प्रवाह तितक्या पटीने वाढत नाही, पण वाढतो हे नक्की, आणि धमनीत जास्त वाढतो.

जागेचा मुद्दा तर याहून मोठा आहे, कारण नाळेला पीळ असतो. साधारण ५ सेंमीत एक वेढा धरा. धमनीचा मध्य नाळेच्या अक्षापासून सुमारे ५ मिमीवर. तुमच्या ६ मिमी जाडीच्या स्लाइसमध्ये वेढ्याचा आठवा हिस्सा बसतो, म्हणजे स्लाइसच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जाताना धमनी जवळजवळ ४ मिमी बाजूला सरकते. स्वतःच्या व्यासाइतकी! चित्रात दिसतो तो धमनीचा छेद नव्हे, तिचा फासलेला माग आहे. स्लाइस नाळेला कितीही काटकोनात घ्या, धमनी त्या काटकोनात कधीच नसते, तीस-बत्तीस अंशांनी कललेली असते. निव्वळ कलण्याने प्रवाह फारसा चुकत नाही (छेद जितका वाढतो तितकाच काटकोनातला वेग घटतो, गुणाकार तोच), फासण्याने चुकतो.

माझं मत स्पष्ट आहे. प्रवाहाचा आकडा शिरेवरून द्यावा, तोही बाळाच्या पोटातल्या शिरेवरून. धमन्यांची बेरीज हा पडताळा कागदावर देखणा दिसतो, पण १.५ टेस्लावर या पिक्सेलला तो निभत नाही.

मॅक्सवेलचा_पुतण्या

फेजवाला यांच्याशी सहमत, पण शिरेचे २७० इतक्या लवकर पदरात घेऊ नका. व्हेन्क १५० आहे.

दर पिक्सेलमागे वेगातला नॉइज साधारण ०.४५ × व्हेन्क ÷ एसएनआर (सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर). एसएनआर १५ धरला तर व्हेन्क १५० ला ४.५ सेंमी/सेकंद येतो, ५० ला १.५. तुमच्या शिरेतला सरासरी वेग किती? २७० मिलि/मिनिट म्हणजे ४.५ मिलि/सेकंद, भागिले ०.४४ चौरस सेंमी, सुमारे १० सेंमी/सेकंद. दहाच्या वेगावर साडेचारचा नॉइज. बावीस पिक्सेलांच्या आणि अनेक फ्रेम्सच्या सरासरीत तो खाली येतो, त्यामुळे आकडा बरा दिसतो.

सरासरीत उतरत नाही तो ऑफसेट, म्हणजे सगळीकडे मिसळलेला खोटा वेग. ग्रेडियंट कॉइल्समुळे मशीनमध्ये उठणाऱ्या एडी करंट्समुळे स्थिर ऊतीलाही थोडी फेज येते, आणि तिचं वेगात रूपांतर व्हेन्कच्या प्रमाणात होतं. समजा ऑफसेट व्हेन्कच्या १ टक्का आहे. १५० ला तो दीड सेंमी/सेकंद, आणि शिरेच्या ०.४४ चौरस सेंमीवर ४० मिलि/मिनिट. २७० मध्ये ४० म्हणजे १५ टक्के. व्हेन्क ५० ला हाच १३ मिलि होतो.

शिवाय शीर आणि धमनी उलट दिशेने वाहतात, ऑफसेट मात्र दोघींनाही एकाच चिन्हाने मिळतो. तो धमनीच्या बाजूचा असेल तर शीर कमी मोजली जाते आणि धमन्या जास्त. तुमच्या तफावतीचं चिन्ह नेमकं तसंच आहे. म्हणजे खरी शीर ३१० सुद्धा असू शकते. १२० मिलिची पूर्ण तफावत यातून निघत नाही, पण निम्म्याच्या आसपास निघू शकते.

दुरुस्तीत एक खड्डा आहे. हृदयाच्या कामात आपण छातीच्या भिंतीचा किंवा यकृताचा तुकडा स्थिर मानून पार्श्वभूमी वजा करतो. नाळेभोवती असतं गर्भजल. ते स्थिर नसतं, बाळाने पाय हलवला की ते हलतं. वर्कस्टेशनवर नाळेलगतचा गोल काढून तो वजा करणारे बरेच जण दिसतात. तसं करू नका. गर्भाशयाची भिंत, वारेचा जाडसर भाग किंवा आईचे पाठीचे स्नायू घ्या, आणि फेजला एका सपाट उतरत्या पृष्ठभागात बसवा. याहून पक्कं काम म्हणजे पेशंट उतरली की टेबलवर जेलचा किंवा पाण्याचा मोठा स्थिर फँटम ठेवून, तीच स्लाइस, तोच कोन, तेच टेबल-स्थान, तोच व्हेन्क ठेवून पुन्हा स्कॅन, आणि तो नकाशा वजा. पाण्याचा असेल तर तो स्थिरावायला काही मिनिटं द्या. कोन बदलला की ऑफसेट बदलतो, म्हणून मागच्या आठवड्यातला नकाशा आज चालत नाही. आणि शक्य असेल तर टेबल सरकवून नाळ मॅग्नेटच्या मध्यावर आणा. मध्यापासून लांब गेलं की हे सगळंच बिघडतं.

ठोका_११०

गेटिंगबद्दल. आईच्या बोटावरचा सेन्सर इथे निरुपयोगी आहे. आईचा ठोका ८०, बाळाचा १४०. आईच्या एका ठोक्यात बाळाचे पावणेदोन ठोके होतात, म्हणून दर सेगमेंट बाळाच्या वेगळ्याच क्षणी भरला जातो. शिरेला फारसा फरक पडत नाही, तिचा प्रवाह जवळजवळ संथ असतो. धमनीत मात्र सिस्टोल आणि डायस्टोल (हृदयाचं आकुंचन आणि प्रसरण) एकाच के-स्पेसमध्ये (चित्र बनण्याआधीच्या कच्च्या डेटात) मिसळतात. सरासरी वेग ढोबळमानाने टिकतो, पण स्पंदनाचा उरलेला भाग फेज-एन्कोड दिशेने (चित्राच्या ओळी एकेक भरल्या जातात त्या दिशेने) भुतं, म्हणजे खोट्या प्रतिमा होऊन पसरतो आणि शीर त्या ओळीत असेल तर तिच्यावरही पडतो. शिरेच्या वक्रात लाटा दिसत असतील तर आधी हे तपासा. (निरोगी बाळात शिरेला खरं स्पंदन दिसत नाही. दिसलंच, आणि ते भुताटकी नाही अशी खात्री झाली, तर प्रसूतितज्ज्ञांना कळवायची गोष्ट आहे.) फेज-एन्कोडची दिशा फिरवून पुन्हा घेतलं की भूत आणि खरं स्पंदन वेगळं कळतं. आईची महाधमनीही त्याच ओळीत येऊ देऊ नका, तिची भुतं जास्त दांडगी.

धमनीचा खरा वक्र हवा असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, हॅम्बर्गमध्ये विकसित झालेला एमआरआयमध्ये चालणारा डॉप्लर प्रोब: आईच्या पोटावर पट्ट्याने बांधायचा, तो बाळाच्या हृदयाचा ठोका पकडून स्कॅनरला ट्रिगर देतो. दुसरी, टोरोंटोची मेट्रिक ऑप्टिमाइज्ड गेटिंग. तिला वेगळं हार्डवेअर लागत नाही. स्कॅनरवर कृत्रिम ट्रिगर बाळाच्या सगळ्यात लांब आर-आर अंतराहून (दोन ठोक्यांमधल्या वेळेहून) मोठा ठेवायचा, उदाहरणार्थ ११० ठोके म्हणजे ५४५ मिलिसेकंद. १४० च्या बाळाचं चक्र सुमारे ४३० मिलिसेकंदांचं, म्हणून दर सेगमेंटला अख्खं चक्र आणि वर थोडं जास्त मिळतं. मग कच्चा डेटा बाहेर काढून, ठोक्याचं अंतर गृहीत धरून फ्रेम्स लावायच्या, वाहिनीभोवतीच्या चौकोनाची एंट्रॉपी (चित्रातला विस्कळीतपणा) मोजायची, आणि जिथे ती सगळ्यात कमी तो बाळाचा खरा ठोका. स्कॅन चालू असताना ठोका बदलतो, त्यासाठी मॉडेलमध्ये एकाऐवजी दोन अंतरं धरतात.

अट एकच: कच्चा डेटा आणि प्रत्येक ओळीची वेळ हातात हवी. डायकॉमवरून (स्कॅनरने तयार करून दिलेल्या चित्रांवरून) हे होत नाही.

वेळेचं गणित: फेज दिशेला चित्राची रुंदी २४० मिमी, पिक्सेल थोडा लहान करून १.२५ धरा, म्हणजे १९२ ओळी. सेगमेंटला ४ ओळी, ४८ ट्रिगर, गुणिले ५४५ मिलिसेकंद, २६ सेकंद. पण दोन एन्कोडिंग धरून एका फ्रेमची रुंदी २ × ७ × ४ = ५६ मिलिसेकंद होते, म्हणजे बाळाच्या चक्रात साडेसात फ्रेम्स. धमनीचं शिखर त्यात बोथट होतं. सेगमेंटला २ ओळी केल्या तर २८ मिलिसेकंद आणि ५२ सेकंद. बावन्न सेकंद बाळ गप्प बसेल का हा प्रश्न ज्याने त्याने सोडवावा.

सोनोवाली

मी अल्ट्रासाउंडच्या बाजूची. एवढी यातायात कशासाठी हा प्रश्न विचारणं माझं कामच आहे. धमनीच्या डॉप्लरचा पीआय (स्पंदनाचा निर्देशांक) कोनावर अवलंबून नाही, पाच मिनिटांत होतो, आणि डायस्टोलच्या शेवटी प्रवाह नाहीसा किंवा उलटा दिसला तर पुढे काय करायचं याचे नियम बसलेले आहेत. वाढ खुंटलेल्या बाळाच्या प्रसूतीचा निर्णय एमआरआयच्या प्रवाहावर घ्यावा असं मार्गदर्शक तत्त्वांत कुठेही नाही. म्हणून कृपया रिपोर्टात हा आकडा लिहून कोणाला घाबरवू नका.

मात्र मिलि/मिनिट हवे असतील तर डॉप्लर डळमळतो, हेही खरं. व्यास मोजायचा आणि त्याचा वर्ग करायचा. ७ मिमीच्या शिरेत अर्ध्या मिमीची चूक म्हणजे प्रवाहात १४-१५ टक्के. त्यावर कोनाची चूक, आणि शिरेतला सरासरी वेग शिखराच्या निम्मा असतो हे गृहीतक. एमआरआयमध्ये क्षेत्रफळ आणि वेगाचं चित्र एकाच वेळी येतं, गृहीतक लागत नाही. जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळात कोणत्या वाहिनीत किती रक्त जातंय, मेंदूला किती, वारेला किती, ही वाटणी पाहायला त्याचा उपयोग आहे.

आणि एक विनंती. त्याच दिवशी, एमआरआयच्या आधी, साधी सोनोग्राफी करून बाळ कसं आहे, वार कुठे आहे, नाळ एकाच धमनीची तर नाही, एवढं टेबलवरच्या माणसाच्या हातात द्या. एकच धमनी असेल तर ती जाड असते आणि तुमची दोन धमन्यांची बेरीज मुळातच गैरलागू होते. वारेला नाळ जोडली जाते त्याच्या जवळ मोजू नका. दोन धमन्यांना जोडणारी हर्टलची आडवाट तिथे असते, एकीतून दुसरीत रक्त जातं, त्यामुळे दोन्ही धमन्यांचे आकडे सुटे करून काही अर्थ उरत नाही.

गर्भचित्र

सर्वांचे आभार. ठरवलं: शीर, बाळाच्या पोटातली, व्हेन्क ५०, पिक्सेल १.२५. आता दोन गोष्टी सांगा. पोटातल्या शिरेवर स्लाइस नेमकी कुठे आणि कशी लावायची? आणि गेटिंग शिरेसाठी पूर्णच सोडून द्यायचं का?

फेजवाला

नाभीतून आत शिरलेली शीर वर आणि मागे, यकृताकडे, जवळजवळ सरळ जाते. सरळ तुकडा दोनेक सेंमीचा मिळतो. यकृतात तिला डाव्या बाजूच्या फांद्या फुटतात, मग डाव्या पोर्टल शिरेशी संगम, आणि पुढे डक्टस व्हेनोसस (यकृत टाळून हृदयाकडे जाणारी आडवाट). पहिल्या फांदीच्या अलीकडे राहायचं. पलीकडे गेलात तर प्रवाह फांद्यांत वाटला गेलेला असतो आणि आकडा खोटा कमी येतो. उलट, नाभीच्या कड्याच्या फार जवळही नको. तिथे शीर आवळली जाते, वेग चढतो, आणि व्हेन्क ५० ला मध्यभागी काळा-पांढरा उलटा ठिपका दिसू शकतो. तो दिसला तर अनरॅपिंगच्या (उलटा झालेला वेग गणिताने सुलटा करण्याच्या) भानगडीत न पडता स्लाइस ५ मिमी आत सरकवा.

लावायची रीत: बॅलन्स्ड एसएसएफपीवर (एमआरआयचा एक झटपट स्कॅन) ४ मिमीच्या स्लाइसनी बाळाचा उभा छेद घ्या, त्यात रक्त उजळ दिसतं आणि शीर नाभीपासून यकृतापर्यंत एका रेषेत सापडते. त्या रेषेवरून दुसरा काटकोनातला छेद. दोन्हींवर शिरेला काटकोन करून फेज कॉन्ट्रास्टची स्लाइस, जाडी ५ मिमी. लोकलायझर (स्लाइस लावण्यासाठीची ही चित्रं) आणि मोजणी यांत वेळ जाऊ देऊ नका. पाच मिनिटांपूर्वीच्या लोकलायझरवरून लावलेली स्लाइस बऱ्याचदा यकृतात निघते. बाळ फिरलं की परत लोकलायझर, पर्याय नाही. पिक्सेल १.२५ आणि जाडी ५ केल्यावर व्हॉक्सेल (पिक्सेल गुणिले जाडी) ११.८ वरून ७.८ घन मिमीवर येतो, सिग्नल एक तृतीयांश पडतो. आईच्या पोटावर पुढून बॉडी अॅरे आणि पाठीखाली स्पाइन कॉइल, दोन्हींची एलिमेंट्स चालू आहेत ना ते बघा. बाळाचं पोट ज्या बाजूला असेल त्या बाजूची एलिमेंट्स बंद राहिलेली असणं हे फार नेहमीचं कारण आहे.

फेज दिशेचं २४० मिमी हे आईच्या पोटापेक्षा लहान असेल, चित्र दुमडेल. दुमडू द्या. फक्त दुमडलेला भाग शिरेवर पडत नाही आणि पार्श्वभूमीसाठी निवडलेल्या ऊतीवरही पडत नाही एवढं पाहा.

ठोका_११०

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून. शिरेसाठी गेटिंग सोडून द्या आणि सेगमेंटही सोडा. दोन एन्कोडिंग × ७ मिलिसेकंद × १९२ ओळी = २.७ सेकंदांत एक पूर्ण चित्र. अशी दहा चित्रं सलग घ्या, २७ सेकंद. अॅव्हरेज मात्र स्कॅनरवर करू नका, डायनॅमिक म्हणून सुटी साठवा. मग ज्या चित्रांत बाळ हललं ती टाका आणि उरलेल्यांची सरासरी घ्या. स्कॅनरने सरासरी काढून दिली तर एका लाथेने दहाही चित्रं वाया जातात.

दहा सुट्या आकड्यांचा आणखी एक फायदा: त्यांत हळू लाट दिसली तर बाळ श्वासाच्या हालचाली करतंय. शेवटच्या तिमाहीत बाळ साधारण एक तृतीयांश वेळ हे करतं, आणि त्या वेळी नाभिशिरेतला प्रवाह वरखाली होतो. ती चूक नाही, शरीरक्रिया आहे. पण विश्रांतीचा आकडा हवा असेल तर थांबून पुन्हा घ्या. पुनरावृत्तीसाठी सबंध मालिका दोनदा घ्यावी, मध्ये स्लाइस नव्याने लावून. तीच स्लाइस न हलवता दोनदा घेतली तर जागेची चूक झाकली जाते आणि पेपरात आकडे उगाच छान दिसतात.

टेबलावरून

पेशंटच्या बाजूचं कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडं. उताणं झोपवू नका. उजव्या कुशीखाली उशी किंवा फोमची पाचर घालून डावीकडे १५ ते ३० अंश कलवा. गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबलं की आईचा रक्तदाब पडतो, चक्कर येते, आणि गर्भाशयाकडे जाणारा प्रवाहही घटतो, म्हणजे वारेची नेहमीची स्थितीच मोजायला मिळत नाही. कलवलं की पोट बोअरच्या छताला टेकतं का हे आत ढकलण्याआधी बघा. पाय आधी आत घातले तर घुसमट कमी वाटते. कानात प्लग आणि वर हेडफोन. टेबलवर एकूण वेळ ४५ मिनिटांच्या आत ठेवा, मध्ये एकदा कूस बदलायला लागेल असंच धरून चाला.

खाण्याबद्दल: जेवणानंतर बाळाच्या श्वासाच्या हालचाली वाढतात, म्हणून जेवणाची वेळ बघून बोलावलेलं बरं. उपाशी मात्र ठेवू नका, मधुमेह असेल तर मुळीच नाही.

एसएआर (शरीरात शोषली जाणारी रेडिओ-ऊर्जा) नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे सर्वांगाला २ वॅट/किलोच्या आत. फेज कॉन्ट्रास्ट ग्रेडियंट एको असल्यामुळे त्याचं ओझं नसतं. सिंगल शॉट टी२ (शरीररचना दाखवणारे झटपट स्कॅन) सलग लावले की मीटर चढतो, त्यांच्या मध्ये फेज कॉन्ट्रास्ट घाला.

आणि महाराष्ट्रात (खरं तर देशभर) विसरू नये असं: पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान रोखणाऱ्या) कायद्याच्या नियमांत सोनोग्राफीबरोबर गरोदर स्त्रीचं इमेज स्कॅनिंगही येतं. म्हणजे केंद्राची नोंदणी, एफ फॉर्म, स्त्रीचं आणि डॉक्टरांचं प्रतिज्ञापत्र हे संशोधनाच्या स्कॅनलाही लागतं. एथिक्स कमिटीची मंजुरी म्हणजे ही मंजुरी नव्हे. पहिली पेशंट बोलावण्याआधी समुचित प्राधिकाऱ्यांशी लेखी बोलून ठेवा. नाभिशिरेसाठी घेतलेल्या उभ्या लोकलायझरमध्ये खालचा भागही येतो, त्यामुळे ही चित्रं सीडीवर घालून देऊ नका, आणि स्कॅन चालू असताना नातेवाइकांना कन्सोलजवळ उभं करू नका.

मॅक्सवेलचा_पुतण्या

किलोमागे आकडा द्यायचा असेल तर सोनोग्राफीचं वजन वापरू नका, त्यात १० टक्क्यांची चूक सहज असते आणि ती थेट तुमच्या उत्तरात उतरते. बाळाचं अख्खं शरीर झाकणारा बॅलन्स्ड एसएसएफपीचा त्रिमितीय संच घ्या, बाळाचं सेगमेंटेशन करून आकारमान लिटरमध्ये काढा. बेकर यांचं १९९४ चं सूत्र: वजन (किलो) = १.०३१ × आकारमान + ०.१२. १.८२ लिटरला जवळजवळ २ किलो येतात. डोकं किंवा पावलं संचाबाहेर गेली नाहीत ना एवढं स्कॅनच्या वेळीच बघा, नंतर काही करता येत नाही.

आरओआयसाठी दोघांनी एकमेकांचं न बघता काढावा. सीमा मॅग्निट्यूड (नेहमीच्या उजळ-काळ्या) चित्रावर, शिरेच्या उजळपणाच्या निम्म्या पातळीवर ठेवा आणि हाच नियम सगळ्यांना लावा. फेज चित्रावर काढू नका, गर्भजलात नॉइज असला की सीमा मनाला येईल तशी दिसते.

गर्भचित्र

एकदम उपयोगी. शेवटचा प्रश्न: याच सत्रात शिरेतल्या रक्ताचं टी२ (सिग्नल विरण्याचा काळ, तो रक्तातल्या ऑक्सिजनवर अवलंबून असतो) मोजून ऑक्सिजन किती पोचतो हेही काढायचा मोह होतोय. जोडावं का?

फेजवाला

जोडा, पण प्रवाहाचा आकडा स्थिर झाल्यावर. प्रवाह × हिमोग्लोबिन × १.३६ × संपृक्तता, असा तो हिशेब, म्हणजे प्रवाहातली १५ टक्के चूक जशीच्या तशी ऑक्सिजनमध्ये जाते. टी२ वरून संपृक्तता काढताना प्रौढांच्या रक्ताचं कॅलिब्रेशन चालत नाही. बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) वेगळं, आणि स्थिरांक फील्डवर आणि रिफोकसिंगच्या पल्समधल्या अंतरावरही अवलंबून असतात. शिरेतलं रक्त साधारण ८० टक्के संपृक्त असतं. तिथे टी२ चा वक्र संपृक्ततेला फारसा दाद देत नाही असं मानून लोक निष्काळजी होतात, पण काठावरचं गर्भजल जरी आत आलं तरी त्याचा लांबलचक टी२ संपृक्तता फुगवतो. म्हणून टी२ साठी आरओआय प्रवाहाच्या आरओआयपेक्षा लहान घ्या, मधले चार-सहा पिक्सेलच. दोन टी२-प्रेपमध्ये (टी२ मोजण्याआधीच्या पल्सच्या गटांमध्ये) रक्ताला सावरायला निदान ४ सेकंद द्या, नाहीतर टी१ चा (सिग्नल परत सावरण्याच्या काळाचा) हिस्सा मिसळतो. आणि क्रम असा ठेवा: लोकलायझर, लगेच प्रवाह, त्याच स्लाइसवर टी२, शेवटी वजनाचा त्रिमितीय संच. वजनाला बाळ थोडं हललं तरी चालतं.